गाजावाजा ओसरल्यावर

आर्द्रा नक्षत्र आणि स्टीम या इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानाचा उन्हाळी सेल दोन्ही साधारण एकाच सुमारास लागतात. दुकान अमेरिकेतले, म्हणून नाव त्यांच्या ऋतूचे. नाशकात मात्र तोवर गोदावरीचे पाणी गढूळ झालेले असते, संध्याकाळी वीज एकदा तरी जाऊन येते, आणि रात्रीची झाकपाक उरकून मी लॅपटॉप उघडते. वर्षभर साठवलेली विशलिस्ट समोर येते. एकेका नावापुढे हिरवी चौकट, तिच्यात कुठे उणे पंचाहत्तर टक्के, कुठे उणे ऐंशी, कुठे उणे नव्वद.

यादीतले बहुतेक गेम माझ्या भाच्याहून वयाने मोठे आहेत. काही त्यांच्या काळात इतके गाजले की मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकले. काही गाजायला हवे होते, पण कुणाच्या नजरेतच भरले नाहीत. आता दोघांचाही गलबला शमला आहे. जाहिराती संपल्या, ‘कधी येणार, कधी येणार’ ही उत्कंठा संपली, पहिल्या आठवड्यातली भांडणे संपली. उरला तो गेम. मला तो अशाच वेळी हवा असतो.

माझे वडील दिवाळी अंक दिवाळीत घेत नसत. जानेवारी उलटला की तेच अंक निम्म्या किमतीला मिळत, तेव्हा ते चार-पाच एकदम आणत आणि होळीपर्यंत पुरवून पुरवून वाचत. कथा तीच, व्यंगचित्र तेच, कागदाचा वासही बराचसा तोच. किंमत उतरलेली असे ती सण होऊन गेला म्हणून. गेमचेही तसेच आहे. त्याला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. पहिल्या दिवशी तीन-चार हजारांना विकला जाणारा गेम काही वर्षांनी पाचशेच्या आत येतो, आणखी काही वर्षांनी शंभराच्या नोटेत बसतो, आणि तेवढ्या काळात त्यातली एक खोली, एक संवाद, एक सूरही कमी झालेला नसतो.

पैशांचा हिशेब इथेच संपत नाही. नवा मोठा गेम घेतला की त्याच्यामागून ग्राफिक्स कार्डाचा खर्च येतो. २०२० आणि २०२१ मध्ये करोना आणि क्रिप्टो-नाण्यांची खोदाई यांच्या कात्रीत ही कार्डे बाजारातून जवळजवळ गायबच झाली होती. जी मिळत ती छापील किमतीच्या कितीतरी वर. माझा लॅपटॉप ऑफिसच्या कामासाठी घेतलेला, वेगळे कार्ड नसलेला. २००० सालचा गेम त्याच्यावर पंख्याची घरघरही न होता चालतो. जे यंत्र आज साधे म्हणून हिणवले जाते, ते त्या काळच्या गेम बनवणाऱ्यांनी स्वप्नातही पाहिले नव्हते इतके जोरकस आहे. त्यांनी ज्या खिडकीतून पाहिले जावे म्हणून रात्री जागवल्या, तिच्याहून चारपट मोठ्या खिडकीतून मी ते जग पाहते. हा आनंद निव्वळ काटकसरीचा नाही.

रुपयांत पैसे भरता येणे हेही तुलनेने अलीकडचे. स्टीम सुरू झाले सप्टेंबर २००३ मध्ये, व्हॉल्व्ह या कंपनीच्या स्वतःच्या गेमना सुधारणा पोचवण्यासाठी. भारतात तिथल्या किमती रुपयांत दिसू लागल्या त्या नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याआधी डॉलरमधली रक्कम आणि परदेशात चालणारे कार्ड, ही अट निम्म्या भारतीय खेळणाऱ्यांना दारातच थोपवून धरी. आता यूपीआयने पैसे जातात आणि चहा उकळेपर्यंत गेम उतरलेला असतो. जुन्या गेमचा पसारा लहान, त्यामुळे नाशकातल्या पावसाळी इंटरनेटलाही तो झेपतो.

दुसरे दुकान मला अधिक जवळचे वाटते. जीओजी हे त्याचे नाव. २००८ मध्ये सुरू झाले ते जुने चांगले गेम विकायचे एवढ्याच उद्देशाने. त्यामागची मंडळी पोलंडची. मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोघांनी १९९४ मध्ये वॉर्सात सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली, तेव्हा तिथल्या बाजारात चोरीच्या प्रतींचेच राज्य होते. अस्सल गेम कुणी का घ्यावा, या प्रश्नाला त्यांनी १९९९ मध्ये ‘बॉल्डर्स गेट’ने उत्तर दिले. संपूर्ण गेम पोलिश भाषेत आणला, नामवंत नटांकडून संवाद बोलून घेतले, आणि खोका असा भरगच्च केला की उघडताना हात थबकावा. ग्राहकाला चोर म्हणण्याऐवजी त्याला जास्त द्यायचे, हे त्यांचे धोरण. जीओजीवर घेतलेल्या गेमला आजही कुलूप नसते. त्याची फाइल उतरवून आपल्या डिस्कवर ठेवा, इंटरनेट नसले तरी चालेल.

वॉर्साची ही गोष्ट मला परकी वाटत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या पदपथावर प्लास्टिकच्या पाकिटांतल्या सीड्या मी पाहिल्या आहेत. एकीत दहा गेम, पाकिटात झेरॉक्सचा कागद, कागदावर नावांची यादी, तीही अर्धी चुकलेली. त्याही आधी, नव्वदीच्या दशकात, संगणकाच्या क्लासात मशीनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ असायचा. कुणी टाकला, कुठून आला, कुणालाच ठाऊक नसे. साठ मिनिटांची मुदत, जमिनीतून उसळणारे सुळे, कडेला बोटांनी लटकणारा तो पांढऱ्या कपड्यांतला मुलगा. हा गेम जॉर्डन मेक्नर नावाच्या एका तरुणाने १९८९ मध्ये जवळजवळ एकट्याने केला, धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि एकेका चित्रावरून त्या राजपुत्राची चाल उतरवून घेतली, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. त्याची मूळ लिखित आज्ञावली हरवली होती. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉपींवर ती सापडली. गेमला कर्ता असतो, त्याला भाऊ असतो, वडील असतात, हे क्लासात बसलेल्या आम्हाला सुचलेसुद्धा नव्हते. आज जुना गेम घेते तेव्हा आधी तो कुणी केला ते वाचते. मग पैसे भरते. या क्रमात फार सुख आहे.

आणि मग ‘थीफ’.

‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ हा गेम १९९८ च्या अखेरीचा. मॅसेच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात लुकिंग ग्लास नावाचा स्टुडिओ होता, तिथला. नायक गॅरेट, पेशाने चोर. शहराला नाव नाही. अर्धे मध्ययुगातले, अर्धे यंत्रांच्या काळातले. त्या वर्षी बाजारात बंदुकांचे गेम जोरात होते, आणि ही मंडळी म्हणाली, आपण लपायचा गेम करू. पडद्याच्या तळाशी एक मणी आहे. तुम्ही उजेडात असाल तर तो उजळतो, अंधारात गेलात की विझत विझत काळा होतो. सगळा खेळ त्या मण्याकडे आणि कानांकडे.

कानांकडे म्हणजे अगदी खरोखर. गॅरेटचे पाऊल गालिचावर पडले तर आवाज नाही. लाकडावर हलका. दगडावर त्याहून थोडा जास्त. चकचकीत फरशीवर टपटप, आणि लोखंडी जाळीवर तर असा खणखणाट की अख्खा वाडा जागा व्हावा. पहारेकरी येतोय हे दिसण्याआधी कळते. त्याच्या पावलांवरून तो कोणत्या दालनात आहे हेही ओळखता येते. पहारेकरी आपल्याच तंद्रीत गुणगुणतात, कुरकुरतात, कुठे खुट्ट झाले तर थांबतात, काही नसावे असे स्वतःला सांगून पुन्हा चालू लागतात. गॅरेटच्या भात्यात पाण्याचे बाण असतात, मशाली विझवायला. शेवाळाचे बाण असतात, खडखडीत फरशीवर मऊ थर पसरायला. दोराचे बाण असतात, पण ते दगडात रुतत नाहीत, म्हणून छताला लाकूड कुठे आहे हे हेरत जावे लागते. नकाशा मिळतो तो कुणीतरी घाईत रेखाटलेला, अर्धा रिकामा. तुम्ही त्यावर नेमके कुठे उभे आहात हे तो सांगत नाही.

भाचा बारावीला आहे, पावसाळ्यात एकदा राहायला आला होता. शेजारी येऊन बसला.

“मावशी, जायचं कुठं ते दाखवणारा बाण कुठाय?”

“नाहीये.”

“मग कळणार कसं?”

“ऐक ना. तो बघ, डावीकडं फरशीवर चाललाय. आता जिना उतरेल.”

त्याने माझ्या कानांवरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर चढवला, आणि मला त्या रात्री लॅपटॉप परत मिळाला नाही. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. तो मात्र श्वास रोखून अंधाऱ्या बोळात, पहारेकऱ्याची पाठ वळायची वाट बघत.

दिसायला हा गेम म्हातारा झाला आहे. चेहरे टोकदार कोनांचे, हाताची बोटे वेगळी न काढलेली, तळघरातल्या भिंती जवळून पाहिल्या तर चौकोनी ठिपक्यांचा भुगा. पण अंधाराचे वय दिसत नाही. एरिक ब्रोशियसने केलेले त्यातले आवाज, ती दूरवरची घरघर, भिंतीमागची कुजबुज, हे आजही जसेच्या तसे अंगावर येते. चित्र आणि ध्वनी यांच्यात ध्वनी जास्त टिकतो असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते नव्या गेममधून कधीच झाले नसते. नवा गेम डोळे इतके दिपवतो की कानांनी काय केले हे लक्षात राहत नाही.

लुकिंग ग्लास मे २००० मध्ये बंद पडले. ‘थीफ’चा दुसरा भाग मार्चमध्ये आला होता, दोनच महिने झाले होते. विंडोज बदलत गेली, प्रोसेसर बदलले, आणि हे गेम नव्या यंत्रांवर अडखळू लागले. दुरुस्त करणारे घरच उरले नव्हते. मग सप्टेंबर २०१२ मध्ये ‘ल कॉर्बो’, म्हणजे डोमकावळा, असे फ्रेंच टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी दुरुस्तीचा एक पॅच जगापुढे ठेवला. ‘थीफ’चे दोन्ही भाग आणि त्याच इंजिनावरचा ‘सिस्टम शॉक २’, तिन्ही त्यामुळे आजच्या विंडोजवर, आजच्या रुंद पडद्यावर सुरळीत चालू लागले. या माणसाने पैसे मागितले नाहीत, नाव सांगितले नाही. मी शंभराच्या आत घेतलेल्या गेममध्ये त्या अनामिकाचे हे काम आहे.

‘सिस्टम शॉक २’ची गोष्ट तर आणखी विलक्षण. १९९९ चा गेम. लुकिंग ग्लास बुडाल्यावर त्याचे हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीच्या कपाटात जाऊन पडले. गेम म्हणजे काय याच्याशी त्या कंपनीचा काही संबंध नव्हता. स्टीफन किक नावाचा एक तरुण गेम उद्योगातली नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. एके रात्री त्याला हा गेम खेळावासा वाटला आणि तो चालेना. विकतही कुठे मिळेना. त्याने हक्क कुणाकडे आहेत ते शोधून काढले, विमा कंपनीला लिहिले, बोलणी केली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो गेम जीओजीवर विक्रीला आला. त्यातूनच नाइटडाइव्ह हा स्टुडिओ उभा राहिला. जुने गेम सोडवून आणणे हेच त्याचे काम. कुणाला तरी एका रात्री खेळावेसे वाटले नसते तर हा गेम अजून त्या कपाटातच असता.

मी भरलेले पैसे जातात कुणाला, हा प्रश्न मला पडतो. मूळ करणारे बहुतेक वेळा केव्हाच पांगलेले असतात. लुकिंग ग्लास २००० मध्ये गेले, ट्रॉयका २००५ मध्ये, ‘एज ऑफ एम्पायर्स’ करणारे डॅलसचे एन्सेम्बल २००९ मध्ये. पैसे हक्कदाराच्या खात्यात पडतात. तरीही ते भरावेत असे मला वाटते, कारण या नावाला अजून गिऱ्हाईक आहे अशी नोंद कुठेतरी होते, आणि त्या नोंदींच्या जोरावरच पुढचा नाइटडाइव्ह एखाद्या कपाटाची किल्ली मागू शकतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ चा. कॉलेजच्या काळात सायबर कॅफेतली यंत्रे एकमेकांना जोडून मुले तासन् तास खेळायची तो हाच. तो विकत घेणारे इतके टिकून राहिले की २०२२ मध्ये त्याला भारतातल्या राजवटींचा नवा विस्तार मिळाला, राजेंद्र चोळाच्या मोहिमेसकट.

ट्रॉयकाचे नाव घेतले तर त्यांच्या ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’बद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६ नोव्हेंबर २००४ रोजी हा गेम आला, आणि नेमक्या त्याच दिवशी व्हॉल्व्हचा ‘हाफ-लाइफ २’ आला. दोघांचे इंजिन एकच. व्हॉल्व्हच्या आधी बाजारात यायचे नाही असा करार होता. सगळ्या जगाचे डोळे ‘हाफ-लाइफ’कडे. त्यात ‘ब्लडलाइन्स’ घाईत बाहेर पडलेला, जागोजागी अडकणारा, शेवटाकडे तर उसवलेलाच. काही महिन्यांत ट्रॉयकाला टाळे लागले. ज्यांनी त्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्यांच्या पदरात अर्धा गेम पडला.

वर्नर स्पाल हा जर्मनीतला रसायनशास्त्रज्ञ. त्याने हा गेम हाती घेतला आणि वीस वर्षांत सोडला नाही. आधी अडकणाऱ्या जागा मोकळ्या केल्या, मग फाइलींत दडून राहिलेले, वेळेअभावी वापरायचे राहून गेलेले संवाद, पात्रे, ठिकाणे एकेक करून जागेवर आणली. जीओजीवरच्या प्रतीत त्याचा पॅच मुळातच घातलेला असतो. त्यातले ते समुद्रकाठचे झपाटलेले हॉटेल मी रात्री उशिरा खेळले. लढायला कुणी नाही, मारायला कुणी नाही. नुसते दिवे फुटतात, लिफ्ट आपोआप चालते, वर्तमानपत्राचे तुकडे सापडत जातात आणि एका घराण्याचा नाश हळूहळू उलगडतो. २००४ मध्ये कुणी हे इतके सलग, न अडकता पाहिले असेल का, शंकाच आहे. उशिरा येणाऱ्याला पूर्ण गेम मिळतो, तोही पहिल्या गिऱ्हाइकाच्या तुलनेत कवडीमोलाने. हे न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही, पण मी कृतज्ञ आहे.

अगदी अलीकडचेही तसेच. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा इतका विस्कटलेला होता की प्लेस्टेशनच्या दुकानातून काही महिने काढून टाकला गेला. सप्टेंबर २०२३ मधल्या मोठ्या सुधारणेनंतर तोच गेम लोक मनापासून वाखाणू लागले. मी अजून घेतलेला नाही. माझा लॅपटॉप त्याला पुरणार नाही, आणि मला घाईही नाही.

सेलमध्ये मी थोडेच घेते. दहा-दहा गेमचे गठ्ठे स्वस्त पडतात, पण गठ्ठा घेतला की एकही नीट खेळला जात नाही असे मी आसपास पाहते. एक गेम निवडायचा, त्याच्या काळातली परीक्षणे शोधून वाचायची, कोणता पॅच लागेल ते बघायचे. मग एखादा शनिवार नुसता जुळवाजुळवीत. कुठल्याशा मजकुराच्या फाइलीत पडद्याची रुंदी लिहायची, अक्षरे मोठी करायची, आवाज फाटतो का ते तपासायचे. कुणाला ही कटकट वाटेल. मला त्यात रस वाटतो, कारण तेवढ्या खटपटीत गेम कसा बांधला आहे हे थोडेथोडे दिसू लागते. आणि पहिल्यांदा सुरुवातीचे चित्र पूर्ण पडदा भरून झळकते तेव्हा त्यात आपलाही हात लागलेला असतो.

कमी किमतीमुळे एक धीटपणाही येतो. चार हजार मोजले की माणूस खात्रीचे तेच घेतो. शंभरात मी १९९९ चा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ घेतला, त्याचा नायक शवागारात उठतो, त्याला मरण येत नाही आणि स्वतःचे नाव आठवत नाही. त्यात लढाईपेक्षा वाचायला कितीतरी जास्त आहे, कादंबरीप्रेमी माणसाने एकदा तरी चाखावे असे.

त्याच धीटपणाने ‘एम्पायर: टोटल वॉर’ही घेतला. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा २००९ चा गेम. आला तेव्हा तोही कच्चाच होता. सुधारणा आणि चाहत्यांची भर पडत पडत तो मार्गी लागला. यात खेळायला घेता येणाऱ्या सत्तांमध्ये मराठे आहेत. खेळ सुरू होतो तो १७०० साली. राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली ते हेच वर्ष. गेम करणाऱ्यांनी सन निवडला तो बहुधा युरोपच्या सोयीने, पण मी त्याच्याकडे ताराबाईंच्या बाजूने पाहते. उत्तरेला अवाढव्य मोगल, तिजोरीत बेताचे पैसे, आणि पहिल्याच वळणावर प्रश्न, सैन्य वाढवायचे की शेती आणि बंदरे. नकाशा भारतापुरता नाही. मराठ्यांची गलबते मादागास्करच्या सामुद्रधुनीत, ब्राझीलच्या किनाऱ्यावर व्यापाराला धाडता येतात. गेमचा जीव मैदानी लढाईत आहे. डोंगरी किल्ल्यांचे राजकारण आणि गनिमी काव्याची नस त्याला फारशी सापडलेली नाही, हे मला खुपते. तरीही पहिले मराठी गलबत हिंदी महासागर ओलांडून गेले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

हे सगळे विकत मिळते आहे तोवर घ्यावे, अशी एक निकडही माझ्या मनात असते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली: २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. गाणी, गाड्या, नावे यांचे परवाने संपतात. ‘व्हाइस सिटी’ या गेममधल्या गाडीतल्या रेडिओवरची काही गाणी अशीच पुढच्या प्रतींमधून गळाली. २०१४ च्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम घरातल्या घरात मुका झाला. तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेता, असे स्टीम आता पैसे भरतानाच लिहून सांगते. कॅलिफोर्नियात तसा कायदाच झाला. म्हणून जीओजीवर घेतलेला प्रत्येक गेम मी वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवते. भाच्याला ती डिस्क कुठे असते ते माहीत आहे.

एक गेम मात्र माझ्या कुठल्याच यादीत नाही. ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’, मोनोलिथ या स्टुडिओचा, २००० सालचा. साठच्या दशकातली गुप्तहेर केट आर्चर त्याची नायिका. तिचे वरिष्ठ तिला कामगिरीवर पाठवायला तयार नसतात, आणि ती त्या सगळ्यांना पुरून उरते. भिंतीआड लपून पहारेकऱ्यांच्या गप्पा ऐकत राहाव्यात असा गेम. ते आपापसात घरच्या गोष्टी बोलतात, कामाबद्दल कुरकुरतात, आणि आपण बाण-बंदूक विसरून ऐकत बसतो. त्याचे हक्क तीन मोठ्या कंपन्यांमध्ये असे गुंतले आहेत की नेमके काय कुणाकडे, याचा उलगडा त्यांच्याकडूनही होईना. नाइटडाइव्हने तो सोडवायचा बराच प्रयत्न केला, बोलणी फिसकटली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोनोलिथही बंद झाले. स्टीमवर या गेमचे पान नाही, जीओजीवर नाही. विशलिस्टमध्ये टाकायलाही आधी दुकानात त्याचे पान लागते. ते ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी आर्द्रा असो की पौष, सेलची वाट न पाहता मी पूर्ण किमतीला तो घेईन, आणि दुसरी प्रत भाच्याला पाठवीन.